थुंकायचं असतं म्हणे

कूलरमध्ये तिसरी बादली ओतली
आणि तुझ्या अडतीच्या जुन्या वहीतलं कोरं पान काढलं.
वर लिहिलं : नाशिक. चार दिवस. दोघं.
खाली रेघ मारली दोनदा,
तू हिशेब संपला की मारायचास तशी.

बाहेर सेहेचाळीस.
वर्धमाननगरात कुत्रंसुद्धा नाही रस्त्यावर.

पलंगावरून तू म्हणालास,
"काहून वं, आता या वयात दारू?"
"दारू नाही. वाईन. तीही नुसती चाखायची.
एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा,
आणि थुंकायचं असतं म्हणे, भांडं ठेवतात बाजूला."
तू उठूनच बसलास.
"थुंकासाठी सातशे किलोमीटर?
खर्रा खातो ना मी चौकात. दहा पावलं."

गाडी : सेवाग्राम.
हे वाचून मात्र पोट धरून हसलास.
"त्या गावच्या नावाची गाडी, अन् आपण त्यात प्यायला!
येताना वर्धा लागते, बाटली कुठं ठेवशीन?"
लिहिलं : बाटली, साडीच्या घडीत, आतल्या बाजूला.

दिंडोरीकडच्या एका वायनरीत फोन लावला.
पोराचं नाव कौस्तुभ गायखे, आवाज ताकासारखा थंड.
"मावशी, आत्ता नका येऊ. खरडछाटणी झाली,
वेलींवर नुसती पानं आहेत.
फेब्रुवारीत या. घड असतील, कात्र्या चालू असतील.
काकांना विचारा, त्यांना कसली आवडते,
वासावरनं सांगतात बरेच जण."

मी "बरं" म्हटलं.
हे त्याला कसं सांगायचं,
की दोन वर्षांपूर्वीच्या तापानं
तुझं नाक नेलं ते परत दिलंच नाही.
दूध उतू जाऊन करपतं, तू शेजारी पेपर वाचतोस.
परवा फोडणीतला हिंग विसरले मुद्दाम,
तू म्हणालास, छान झालं वरण.

आणि हेच नाक होतं
पहाटे चारला कळमन्यात, ट्रकच्या फळीवर,
थंडीत मफलर खाली ओढून.
नखानं जराशी साल ओरबाडायची,
डोळे मिटायचे, आणि निकाल :
ही काटोलची. काळी जमीन.
हिला शेवटचे पंधरा दिवस पाणी कमी पडलं.
ही विहिरीजवळच्या झाडाची असावी.
शेतकरी खाली बघून हसायचा, म्हणजे बरोबर.
काचेचा पेला नाही दिला कुणी, खुर्चीही नाही.
झाडे शेठ तर म्हणायचे, नाटक करतो लेकाचा,
आणि तुझ्याच बोलीवर बोली लावायचे.

मी ही सहल कशासाठी आखते आहे
मला नीट सांगता येत नाही.
तिथं सगळे पेल्यात नाक घालतील
आणि तू माझ्याकडे बघशील.

वीज गेली. कूलर हळूहळू थांबला.
तू पलंगावरून उतरलास, वही ओढलीस,
माझ्या रेघेखाली, त्या तिरप्या मोडी वळणाच्या अक्षरात, लिहिलंस :
संत्री, दोन डझन. मृगबहार.
"फेब्रुवारीत मृग निघते ना बाजारात.
त्या पोराले म्हणावं, आम्ही बी आणतो काही चाखायला.
पाहू त्याचं नाक किती पाण्यात आहे."

मग फ्रिज उघडलास.
तळच्या कप्प्यातलं एकुलतं एक संत्रं,
सुकट, एका बाजूनं दबलेलं.
नखानं ओरखडलंस, जुन्यासारखं,
आणि स्वतःच्या नाकाकडे नेता नेता
हात वळवून माझ्यासमोर धरलास.
"सांग."

मी डोळे मिटले.
साल, थंडी, थोडं फ्रिजमधल्या कोथिंबिरीचं काहीतरी.
"वरुड?"

"मे महिन्यात कुठलं वरुड आणते वं?
कोल्ड स्टोरेजचं आहे.
पुन्हा हुंग."